‘शिरकाण’ : एका शब्दाची साक्ष

‘शिरकाण’ हा शब्द मराठी वाचकाला बहुधा शाळेतच भेटतो. अमुक खिंडीत शत्रूचे शिरकाण झाले, तमुक वेढ्यात शिबंदीचे शिरकाण उडाले, अशी वाक्ये ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत विपुल आहेत. अर्थाविषयी कुणाला शंका नसते. पुष्कळ माणसे एका वेळी, निर्दयपणे कापून काढणे, हा तो अर्थ. व्युत्पत्तीविषयीही शंका नसते, कारण शब्दाच्या आरंभीच ‘शिर’ उभे आहे. शिर आले म्हणजे ते धडावेगळे होणार, हे ऐकणारा आपोआप समजून घेतो. पुढच्या ‘काण’चे काय करायचे, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारीत नाही. या प्रश्नापासून आम्ही आरंभ करणार आहोत. कारण त्याच्या उत्तरावर एका राजाची कीर्ती आणि एका घराण्याची अब्रू अंशतः टांगलेली आहे.

प्रथम या शब्दाचे शेजारी पाहू. मराठीत सामूहिक वधाला वाचक शब्दांची वाण नाही, आणि त्यांतील प्रत्येकाचा प्रवास निराळा आहे. ‘कत्तल’ अरबीतून फारसीच्या वाटेने आली. मुळात ‘कत्ल’ म्हणजे केवळ ठार मारणे. एकाच माणसाला मारले तरी ती कत्लच. सर्वसामान्यांच्या सरसकट वधाला फारसीत ‘कत्ले-आम’ असे वेगळे म्हणावे लागे. १७३९ साली नादिरशाहाने दिल्लीत तोच हुकूम दिला होता. मराठीने मात्र ‘आम’ गाळून एकट्या ‘कत्तल’ला सामूहिक अर्थ दिला, आणि मग तो शब्द जनावरांना, झाडांना आणि निवडणुकीच्या आदल्या रात्रीलासुद्धा लागू झाला. ‘संहार’ संस्कृत आहे. त्याचा मूळ अर्थ एकत्र ओढून घेणे, आवरून घेणे असा. सृष्टी पसरणारा देव ती आवरतो तेव्हा संहार होतो. रक्ताचा स्पर्श त्या शब्दाला नंतर झाला. ‘हत्याकांड’मधील ‘कांड’ ग्रंथाच्या प्रकरणाचे नाव. जालियनवाला बागेतील १९१९ च्या गोळीबारासारख्या घटनांना ते चिकटले आणि ‘कांड’ म्हणजेच भयंकर प्रसंग असे वाटू लागले. ‘वंशविच्छेद’ हा तर विसाव्या शतकातील गरजेपोटी पुढे आलेला शब्द. त्याचा इंग्रजी प्रतिशब्दच मुळी १९४४ साली राफाएल लेम्किन यांनी घडविला.

या सर्वांची कुळी सांगता येते. ‘शिरकाण’ त्यांच्यात एकटा असा आहे की ज्याची कुळी सांगताना भाषेकडून इतिहासाकडे जावे लागते, आणि इतिहासात गेल्यावर एक नव्हे, दोन कथा समोर येतात. त्या दोन्ही शिर्के घराण्याच्या आहेत.

पहिली कथा बहमनी काळातील. सुलतान अलाउद्दीन अहमदशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, १४५३ च्या सुमारास, मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन हा सरदार कोकण आणि सह्याद्रीतील राजे नमविण्यासाठी निघाला. चाकणचा किल्ला त्याचे ठाणे होते. फिरिश्त्याने दिलेली हकीकत अशी : मलिकने शिर्के राजाला कोंडीत पकडले आणि धर्म बदल किंवा मरणाला तयार हो असे बजावले. शिर्क्याने नम्रपणे उत्तर केले की, मी एकट्याने धर्म बदलला तर खेळण्याचा राजा मला हिणवील आणि माझे लोक बिघडवील. तेव्हा आधी त्याचा पाडाव करू, वाट मी दाखवितो. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड. सरदाराने विश्वास ठेवला. पहिले दोन दिवस वाट बरी होती. तिसऱ्या दिवशी सैन्य अशा निबिड अरण्यात शिरले की, पुढे जाता येईना आणि मागे फिरता येईना. स्वतः मलिक आजारी होता. शिर्क्याने खेळण्याच्या राजाला निरोप धाडला आणि रात्री दोहोंच्या माणसांनी छापा घातला. फिरिश्ता मृतांचा आकडा सुमारे ७००० देतो. त्यांत सरदार स्वतः आणि अनेक सय्यद होते. जे वाचून चाकणला परतले त्यांच्यावर दख्खनी आणि परदेशी उमरावांच्या वैरातून पुढे दुसरी आपत्ती कोसळली. अभय देऊन त्यांचाही वध करण्यात आला. शिर्क्यांनी केलेले हे कांड इतके भीषण होते की, त्यावरूनच ‘शिरकाण’ हा शब्द निघाला, असे या कथेचे पुरस्कर्ते म्हणतात.

दुसरी कथा सव्वादोनशे वर्षांनंतरची. छत्रपती संभाजी महाराजांचा विश्वासू कवी कलश आणि शृंगारपूरचे शिर्के यांच्यात वितुष्ट आले. महाराजांनी कलशाची बाजू घेऊन शिर्क्यांवर शस्त्र धरले आणि सबंध घराणे कापून काढले. शिर्क्यांचा झालेला हा उच्छेद म्हणजे ‘शिरकाण’. ही कथा अधिक प्रसिद्ध आहे, कारण ती पुढच्या एका कथेची पहिली पायरी आहे. शिर्क्यांचे शिरकाण झाले म्हणून गणोजी शिर्के सूडाला पेटले, सूडाला पेटले म्हणून त्यांनी मोगलांना वाट दाखविली, आणि म्हणून १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी महाराज पकडले गेले, अशी ती साखळी आहे.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. एकीत शिर्के मारणारे आहेत, दुसरीत मरणारे. एकाच शब्दाच्या जन्माला घराणे एकदा कर्ता म्हणून आणि एकदा कर्म म्हणून उभे केले आहे. हे शक्य होते ते षष्ठी विभक्तीमुळे. कृदन्ताबरोबर येणारी षष्ठी कर्त्याचीही असू शकते आणि कर्माचीही, हे पाणिनीपासून व्याकरणाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. ‘रामाचा वध’ म्हटले तर रामाने केलेला की रामाचा झालेला, हे संदर्भावाचून कळत नाही. ‘शिर्क्यांचे शिरकाण’ हा शब्दप्रयोगही तसाच दुतोंडी आहे. शिवाय त्यात कानाला गोड लागणारा अनुप्रास आहे. बखरकाराला, शाहिराला, शिक्षकाला मोह पडावा अशी ती जोडी आहे. पण अनुप्रास जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळली, असे होत नाही.

आता या कथा पुराव्याच्या कसोटीवर किती टिकतात ते पाहू.

१६८८ चा संघर्ष खरा आहे, यात वाद नाही. जेधे शकावलीत त्याची नोंद आहे. शके १६१० च्या कार्तिकात शिर्के कवी कलशावर उलटले, कलश पळून खेळण्यावर गेला, महाराज रायगडाहून आले, शिर्क्यांशी युद्ध झाले व त्यांत शिर्क्यांचा पराभव झाला, इतका तिचा मथितार्थ. शकावलीचा करकरीत स्वर विचारात घेतला तरी पराभव आणि उच्छेद यांतील अंतर मोठे आहे. घराण्याचा पुढचा इतिहास तर उच्छेदाच्या विरुद्धच बोलतो. पिलाजी शिर्क्यांच्या घरातील येसूबाई संभाजी महाराजांच्या राणी, शाहू महाराजांच्या मातोश्री. गणोजी शिर्के हे येसूबाईंचे बंधू आणि शिवछत्रपतींची कन्या राजकुंवरबाई यांचे पती. हे गणोजी पुढे मोगलांच्या चाकरीत दिसतात. १६९७ च्या अखेरीस जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराज निसटले, तेव्हा खंडो बल्लाळ चिटणिसांनी दाभोळच्या वतनावरचा आपला हक्क सोडून गणोजींचे साहाय्य मिळविले, अशी परंपरा आहे. ज्या घराण्याचा समूळ नाश झाला, त्याच्याशी नऊ वर्षांनी वतनाचा सौदा कोण करील?

मग उच्छेदाची कथा आली कोठून? तिचे पोषण प्रामुख्याने चिटणीस-परंपरेतील बखरींनी केले. मल्हार रामराव चिटणिसांनी आपली बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली, म्हणजे घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना १६८१ साली संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहदंड झाला होता, ही गोष्ट त्यांच्या लेखनामागे उभी असते, याकडे अभ्यासकांनी अनेकदा लक्ष वेधले आहे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासासाठी याच बखरीचा मोठा आधार घेतला, आणि डफमार्गे संभाजी महाराजांचे एक काळवंडलेले चित्र शाळांपर्यंत आणि नाटकांपर्यंत पोहोचले. वा. सी. बेंद्रे यांच्या १९६० च्या चरित्राने आणि कमल गोखले यांच्या ‘शिवपुत्र संभाजी’ने ते चित्र समकालीन कागदपत्रांच्या आधारे तपासले. संगमेश्वरच्या प्रसंगाविषयीही मोगल इतिहासकार मुकर्रबखानाचे हेर आणि कोल्हापुराकडून त्याने केलेली झटपट चाल यांवर भर देतात.

पहिल्या कथेची अडचण वेगळी आहे. तिथे भीषण वध निश्चित आहे. पण तो सांगणारा ग्रंथ फारसी आहे आणि घटनेनंतर सुमारे दीडशे वर्षांनी विजापुरात लिहिलेला आहे. पराभूतांच्या बाजूने लिहिलेल्या त्या हकीकतीत ‘शिरकाण’ हा शब्द असण्याचे कारण नाही. त्या रात्रीची आठवण मराठी बोलीने एका शब्दात जपून ठेवली असे म्हणायचे तर त्यासाठी जुना मराठी प्रयोग दाखवावा लागेल. १६८८ पूर्वीच्या एखाद्या निःसंशय मराठी लेखात ‘वध’ या अर्थी ‘शिरकाण’ दाखविता आला, तर दुसरी कथा तत्क्षणी निकालात निघेल. पहिलीला मात्र त्याने केवळ बळ येईल, सिद्धता येणार नाही. शब्दांच्या इतिहासात पुराव्याचे वजन असे असमान असते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दोन्ही कथांत दडलेला मुख्य दोष न्यायशास्त्राच्या परिभाषेत अन्योन्याश्रयाचा आहे. शिर्क्यांचा उच्छेद झाला हे कशावरून? तर ‘शिरकाण’ हा शब्द आहे त्यावरून. ‘शिरकाण’ हा शब्द कशावरून आला? तर शिर्क्यांच्या उच्छेदावरून. दोन लंगडी माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असावीत, तसा हा युक्तिवाद आहे. लांबून तो भक्कम दिसतो.

अशा कथा आपल्या भाषेत नव्या नाहीत. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतावरून आला, असे अनेकदा सांगितले जाते. १४ जानेवारी ही संक्रांतीची तारीख असल्याने ते सहज पटते. परंतु सूर्याच्या निरयन मकरप्रवेशाची तारीख सुमारे बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. १८६३ साली संक्रांत १२ जानेवारीला होती. स्वामी विवेकानंदांचा जन्म त्याच दिवसाचा. म्हणजे १७६१ साली ती दहा-अकरा जानेवारीच्या आसपास येऊन गेलेली होती. वाक्प्रचाराचे मूळ संक्रांतिदेवीच्या वाहनावरून, वस्त्रावरून आणि दृष्टीवरून अशुभ फल सांगणाऱ्या पंचांगात शोधणे अधिक सयुक्तिक. पण लोकमनाला पंचांगापेक्षा पानिपत जवळचे वाटते. शोक मोठा असला म्हणजे तो आसपासचे शब्द आपल्याकडे ओढून घेतो.

आता पुन्हा ‘काण’कडे वळू. ‘शिर’ अधिक ‘काण’ अशी फोड करून ‘काण’ला ‘कर्तन’चे रूप मानले, तर ध्वनिनियम आडवे येतात. संस्कृत ‘र्त’ प्राकृतात ‘त्त’ किंवा ‘ट्ट’ होतो आणि मराठीत त्याचा ‘त’ वा ‘ट’ शिल्लक राहतो : कर्तरीची कातर होते, वर्त्मची वाट होते. दोन स्वरांमधला एकेरी ‘त’ गळतो. मातेची माय होते ती त्यामुळे. पण ‘कर्तन’मधला जोडवर्ण असा निमूटपणे नाहीसा होत नाही. ‘शिर’ आणि ‘कान’ असेही म्हणता येणार नाही, कारण ‘कर्ण’चा मराठीत ‘कान’ होतो, ‘पर्ण’चे ‘पान’ होते. तिथे ‘न’ येतो, ‘ण’ नव्हे. ‘ण’ येतो तो मूळच्या एकेरी अनुनासिकापासून : स्थानाचे ठाण, खनीची खाण, जनाचा जण. म्हणजे शब्दाचा शेवट ‘काण’ असा न तोडता ‘आण’ असा तोडणे भाषेच्या दृष्टीने अधिक सुकर आहे. मग उरतो ‘शिरक्’. आणि ‘शिरक्’ म्हणजे शिर्के.

या फोडीला आधार देणारी दोन रूपे सुचतात. रायगडाची गडदेवता शिर्काई. तिचे नाव शिर्के घराण्याशी जोडले जाते. शिर्के आणि आई मिळून शिर्काई होते, तसे शिर्के आणि ‘आण’ मिळून शिरकाण. दुसरे रूप प्रदेशवाचक आहे. बागुल राजांचा मुलूख तो बागलाण, असे सांगितले जाते. त्याच धर्तीवर शिर्क्यांचा मुलूख तो शिरकाण, असा या शब्दाचा दुसरा, आज जवळजवळ विसरला गेलेला अर्थ घराण्याच्या परंपरेत आढळतो.

हे मान्य केले तर आमच्या मते एक तिसरी शक्यता पुढे येते, आणि ती पहिल्या दोहोंपेक्षा साधी आहे. ‘शिरकाण’ हे मुळात स्थलनाम असावे आणि त्या स्थळी घडलेल्या भयंकर प्रसंगामुळे ते सामान्यनाम झाले असावे. मराठीत याला ठसठशीत जोड आहे. ‘पानिपत’ हे हरियाणातील एका गावाचे नाव. आज कुणाच्याही दारुण पराभवाला आपण ‘त्याचे पानिपत झाले’ असे म्हणतो. तसे म्हणताना पानिपतात कोण जिंकले, कोण हरले याचा विचार करीत नाही. जागेच्या नावात कर्ता आणि कर्म दोन्ही विरघळून जातात. शिरकाणाचेही तसे झाले असेल, तर शिर्के मारणारे की मरणारे हा प्रश्न शब्दाला विचारण्यात अर्थ राहत नाही. तो मुलूख सह्याद्रीच्या अवघड वाटांचा होता. तिथे सैन्ये अडकली, कापली गेली, एवढेच शब्द सांगू शकेल.

मात्र पानिपत आणि शिरकाण यांत एक भेद आहे, आणि तोच शब्दाच्या दीर्घायुष्याचे कारण असावा. ‘पानिपत’ हे नाव ऐकून अर्थ उमगत नाही; इतिहास ठाऊक असावा लागतो. ‘शिरकाण’ मात्र स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतो असे भासते. ‘शिरच्छेद’ ठाऊक असलेल्या कानाला, ‘शिरस्त्राण’ ठाऊक असलेल्या कानाला, त्यात मस्तक ऐकू येणारच. शिरस्त्राण मस्तक राखते आणि शिरकाण ते हरण करते, अशी जोडीही मनात आपसूक जुळते. मूळ कोणतेही असो, मराठी भाषकांनी शतकानुशतके त्यात शिर ऐकले, आणि त्या ऐकण्याने शब्दाला त्याचा आजचा धारदार अर्थ दिला. व्युत्पत्ती म्हणून लोकांचे हे ऐकणे चुकीचे ठरेल. अर्थाचा इतिहास म्हणून ते पूर्णपणे खरे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हे व्युत्पत्तीच्या अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे.

वि. का. राजवाडे यांनी आडनावे आणि गावांची नावे ही इतिहासाची साधने आहेत हे मराठी अभ्यासकांना शिकविले. त्यांच्या काही व्युत्पत्ती पुढे टिकल्या नाहीत; पण शब्दाला साक्षीदार म्हणून बोलावण्याची त्यांची दृष्टी मोलाची होती. साक्षीदाराची उलटतपासणीही व्हावी लागते, इतकेच त्यात जोडायला हवे. शब्द काही तरी घडल्याचे सांगतो; कोणी, कोणास, का, हे सांगण्याची त्याची शक्ती तोकडी असते.

ही उलटतपासणी केवळ पंडितांच्या हौसेचा विषय नाही. २०२५ साली ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, त्यात गणोजी आणि कान्होजी शिर्के फितूर म्हणून दाखविले गेले, आणि शिर्के घराण्याच्या वंशजांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर दिग्दर्शकाने क्षमा मागितली. तीन शतकांपूर्वीच्या एका घटनेसाठी आजच्या माणसांना मान खाली घालावी लागावी किंवा मान वर करून भांडावे लागावे, यामागे बखरी आहेत, कादंबऱ्या आहेत, नाटके आहेत. आणि त्या सर्वांच्या तळाशी, बिनबोभाट, हा एक शब्दही आहे. संभाजी महाराजांच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून आणि शिर्क्यांच्या सूडाचे कारण म्हणून तो एकाच वेळी दोन्ही बाजूंनी वापरला गेला. राजा क्रूर ठरला, घराणे फितूर ठरले, आणि दोन्ही निवाड्यांत साक्ष एकाच साक्षीदाराची.

वर्गात हा शब्द शिकविताना त्याचा अर्थ निःशंकपणे सांगावा; तो निश्चित आहे. १४५३ ची आणि १६८८ ची हकीकतही सांगावी; दोन्ही इतिहासाचा भाग आहेत. पण या हकीकतींवरून शब्द सिद्ध होतो किंवा शब्दावरून हकीकत सिद्ध होते, असे सांगू नये. ‘शिरकाण’ हा आपल्या भाषेतील एक जुना, जखमी शब्द आहे. त्याला फिर्यादीचा वकील करण्यापेक्षा त्याच्या ‘काण’पाशी थांबून, हे अक्षर इथे कसे आले, असे विद्यार्थ्याला विचारायला लावणे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते.